कमरेला, छातीला की काखेत?

माझ्या बानं अट साधीच घातली होती. "रिवालवर कमरेले लाव अन् मले वावरात घेऊन चाल. तुह्यानं होत नसन तं मी एकटा जातो."

यात कठीण असं काही नव्हतं. रिव्हॉल्वर घरात होतं, वावर टेकडीपलीकडे होतं, आणि कमर माझ्याजवळ होती, गरजेपेक्षा जरा जास्तच. तरी दसऱ्याला घातलेली ही अट पुरी व्हायला पऱ्हाटी उपटायची वेळ येऊन ठेपली. मधल्या काळात मी जे काही केलं त्याला माझी बायको 'कव्हरचं लफडं' म्हणते. मी त्याला अभ्यास म्हणत होतो.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडा आत. मी आर्णीत एका सरकारी कचेरीत बाबू आहे. खुर्ची, टेबल, पंखा आणि चहा एवढंच माझं कर्तृत्वाचं क्षेत्र. बा एकेकाळी तांड्याचा नायक होता, आता ऐंशीच्या पुढे गेलाय. मुलं शिकायला बाहेर असल्यामुळे घरात आम्ही तिघंच. घरात आम्ही आमची गोरबोली बोलतो, पण इथं बाचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहितोय. गोरबोलीत तो मला जे काही म्हणतो त्यातलं निम्मं छापण्यासारखं नसतं.

वावर नाल्यापलीकडे, जंगलाला अगदी चिकटून. बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला दिलेलं. रानडुकरं पूर्वीपासूनच यायची, पण त्या पावसाळ्यात एका डुकरानं शेजारच्या वावरातल्या माणसाची मांडी फाडली, आणि त्यानंतर नाल्याच्या ओल्या मातीत वाघाचे पंजे दिसल्याची बोंब उठली. मी बाचं वावरात जाणं बंद केलं. त्याच सुमारास त्याचे पाय थकायला लागले. काठी टेकत अंगणापर्यंत यायचा आणि टेकडीकडे तोंड करून बाजेवर बसायचा. ते वावर त्यानं स्वतःच्या हातानं झुडपं तोडून, दगड वेचून उभं केलेलं. "एक बार पऱ्हाटी पाहून येतो," तो म्हणायचा. "मंग म्हणसान तिथं पडून राहतो." पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं उभं झाड. वेचणी संपली की ती उपटून टाकतात आणि वावर मोकळं होतं. त्याआधी त्याला तिथं न्यायचं होतं, आणि नेणारा मी होतो.

आता त्या रिव्हॉल्वरबद्दल. ते हातात मावेल असं छोटं प्रकरण नव्हतं. मुठीपासून नळीच्या टोकापर्यंत वीतभराहून लांब, वजनाला किलोच्या वर, काळं आणि थंड. तांड्याला रस्ता नव्हता, चोरांचा सुळसुळाट होता, त्या काळात बाला त्याचा परवाना मिळालेला. तो ते कमरेला लावून आर्णीच्या बाजारात जायचा तेव्हा माणसं अदबीनं बाजूला सरायची. मीही सरायचो, पण अदबीनं नाही, भीतीनं. ते घरात आहे म्हटलं की कुठल्याही खोलीत मला झोप लागत नसे. पुढे बाचं वय झालं म्हणून परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. यवतमाळच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "चालवता येतं ना?" न वाचलेल्या फायलीबद्दल मी ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात मी म्हणालो, "हो साहेब." पुढे नियमाप्रमाणे शिकायलाही गेलो. तिथं मी झाडलेली गोळी नेमकी कुठे गेली ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

तर बाची अट ऐकून मला घाम फुटला. मी म्हटलं, "नेतो ना बा, पण त्याचं कव्हर कुठाय?" बाचं जुनं कव्हर पेटीतून काढलं. एका पावसाळ्यात त्याला बुरशी लागली होती आणि उरलेलं उंदरांनी संपवलं होतं. बकल तेवढं शिल्लक. मला मनातून इतकं बरं वाटलं की त्या उंदरांना पेढे वाटावेसे वाटले. "आधी बढिया कव्हर घेऊ," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो. "असं हत्यार काय खिशात घालून नेतात?" बाला ते पटलं.

मग मी अभ्यासाला लागलो. कचेरीत डबा खाताना मोबाईलवर होल्स्टर बघत बसायचो. होल्स्टर म्हणजे आमच्याकडचं कव्हरच, पण वाचणाऱ्याला होल्स्टर म्हटलं की जरा जोर येतो. कमरेला उजवीकडे लावायचं, कमरेला डावीकडे आडवं लावायचं, काखेत लटकवायचं, मांडीला बांधायचं, छातीवर तिरपं बांधायचं असे एकेक प्रकार. परदेशात लोक नदीवर मासे धरायला जाताना अस्वलाच्या भीतीनं भलंमोठं रिव्हॉल्वर छातीवर बांधतात, हेही मला कळलं. चामडं किती जाड असावं, झाडीतून जाताना वरची पट्टी कशी असली म्हणजे हत्यार गळून पडत नाही, घामानं आतून ओल धरली तर लोखंड कसं गंजतं, यावर मी कचेरीत कुणालाही पकडून भाषण देऊ शकत होतो. डुक्कर समोर आलं तर काय करायचं, यावर मात्र मी एक ओळही वाचली नाही.

पहिलं होल्स्टर यवतमाळला पोलिसांचे पट्टे, टोप्या आणि शिट्ट्या विकणाऱ्या दुकानातून आणलं. कमरेला लावायचं, साधं, तपकिरी. खरं रिव्हॉल्वर दरवेळी काढून बाहेर मिरवणं बरोबर नाही, असं मी घरात जाहीर केलं. ते खरंही होतं. पण त्याला हात लावायची वेळ टळत होती हे त्याहून खरं. म्हणून बदली काहीतरी हवं होतं. मी घरभर वस्तू हातात तोलत फिरलो आणि शेवटी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता पसंत केला. वजन जवळपास तेवढंच, लांबीही तशीच.

"ठेचा कायनं कुटू?" बायकोनं विचारलं. "रिवालवरनं?"

मी कमरेला बत्ता लावून पांदणीनं, वावरांमधल्या गाडीवाटेनं, चालायला लागलो. पावलापावलाला पँट उजवीकडून खाली यायची. मी ती वर ओढायचो, मग डावीकडचा शर्ट बाहेर यायचा. मोटारसायकलवर बसलो तर बत्त्याचं टोक मांडीत आणि डोकं बरगडीत. समोरून वेचणीच्या बाया येत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय साहेब, मिरच्या कुठी हाय?" आणि त्या सगळ्या जणी कापसाच्या ओट्या सावरत हसत सुटल्या. मी कडक चेहऱ्यानं पुढे गेलो. पुढे गेल्यावर मला निसर्गाची हाक आली. झुडपाआड पट्टा सोडला, बसलो, आणि बत्ता होल्स्टरमधून निसटून उतारानं घरंगळत नको तिथं जाऊन थांबला. घरी येऊन मी हे लपवू शकलो असतो. पण बायकोनं बत्ता धुतलेला पाहिला. मी आजवर घरात एक भांडं धुतलेलं नाही.

"आता तो बत्ता तुमाले लखलाभ," ती म्हणाली आणि बाजारातून नवा घेऊन आली.

बा बाजेवर बसून हे सगळं पाहत होता. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. पण तो विचारात पडला होता. मला अंगणात दारापासून कडुलिंबापर्यंत चालायला लावलं, परत बोलावलं, आणि निकाल दिला, "ओझं एकांगी हाय. असं तं बैल बी वाकडा चालन."

इथं आमच्या घराण्याचा इतिहास आडवा आला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेणारे. बैलाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या, हा तिथला पहिला कायदा. एका बाजूला माल कमी पडला तर बाचा आजा दुसऱ्या बाजूला दगड भरायचा, पण बैलाला वाकडं चालू द्यायचा नाही. आजवर जगात रिव्हॉल्वर लावणाऱ्या कुणालाही कमरेच्या दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन बांधावं असं सुचलं नसेल. आम्हाला सुचलं. मी शिकलेला माणूस. 'बा, असं नसतं,' म्हणायला हवं होतं. पण बा बऱ्याच दिवसांनी असा खुलला होता. आणि दुसरं म्हणजे या नव्या कामात आणखी दिवस जाणार होते.

आधी डावीकडे पाण्याची बाटली लावून पाहिली. बा म्हणाला, "पाणी पेत जाशीन तसं हलकं होईन. मंग?" मग नवा बत्ता मागितला. बायकोनं तो पदराखाली धरला. शेवटी बानं मला आर्णीला पिटाळलं. पोळ्याला बैलांच्या गळ्यातले घुंगरपट्टे करणारा एक म्हातारा कारागीर तिथं बाजाराच्या टोकाला बसतो, त्याच्याकडे.

मी त्याच्यासमोर जुना बत्ता ठेवला आणि म्हटलं, या मापाचे दोन खिसे, एका पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना. त्यानं बत्ता उलटसुलट पाहिला. "वावरात मसाला कुटता काय जी?" मी इकडेतिकडे पाहून हळूच सांगितलं की हे रिव्हॉल्वरचं काम आहे. त्यानंतर तो माझं काहीच ऐकेना. जन्मात पहिल्यांदा असं काम आलं म्हणाला, बढिया करून देतो म्हणाला. माझ्या पोटाला दोरी गुंडाळून माप घेतलं. जेवायच्या आधीचं एक भोक आणि जेवणानंतरचं एक, असं स्वतःच ठरवलं.

पट्टा आला तेव्हा मी बघतच राहिलो. म्हशीचं जाडजूड चामडं, तेल पाजून मऊ केलेलं. दोन्ही खिशांवर पितळी फुल्या ठोकलेल्या, आणि खाली लाल लोकरीचे गोंडे. गोंडे मी सांगितले नव्हते. त्यानं हौसेनं लावले होते. घुंगरं लावायची राहिली, हे माझं नशीब. मी तो कमरेला चढवला, एका खिशात बत्ता, दुसऱ्यात तेवढाच दगड, आणि अंगणात उभा राहिलो.

"पोळा तं कवाच होऊन गेला," बायको म्हणाली. पण पुरणपोळी खाऊ घातल्यासारखा हात तिनं माझ्या तोंडापुढे केलाच.

बाला मात्र पट्टा फार आवडला. त्यानं जिभेनं टक्‌ टक्‌ केलं, बैलाला हाकताना करतात तसं, आणि मी दारापासून लिंबापर्यंत चाललो. "आता कसा सरका चालते!" तो म्हणाला. मीही तोऱ्यात वळलो, त्याला मुजरा करायला वाकलो, आणि तिथंच राहिलो. पाठीत जी कळ आली ती मला सरळ होऊ देईना. बायकोनं एका बाजूनं आणि बानं काठीनं दुसऱ्या बाजूनं ढकलून मला बाजेपर्यंत आणलं. बाला बाजेवर जागा करून द्यावी लागली. बाप आणि लेक एका बाजेवर आडवे, आणि लेकाच्या कमरेला गोंडे. बा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो असतो, पण हसलं की दुखायचं.

डॉक्टरनं पाठीसाठी रुंद पांढरा पट्टा दिला आणि तो दिवसभर कमरेला बांधायला सांगितला. म्हणजे कमर संपली. आता छाती आणि काख उरली.

काखेतलं होल्स्टर मी एका ओळखीच्या माणसाकडून चार दिवस वापरायला आणलं. त्यात बत्ता अडकवला की माझा डावा हात अंगापासून लांब राहायचा, गळू झाल्यासारखा. कचेरीतही तसाच राहायला लागला. मग परदेशी मासेवाल्यांसारखं छातीवरचं मागवलं. ते पार्सलनं आलं. त्याला इतके पट्टे, कड्या आणि बकलं होती की डोकं कुठून घालायचं आणि हात कुठून, हे बघायला मी मोबाईल उभा करून ठेवला. मोबाईलमधला माणूस मागचे पट्टे दाखवायला पाठमोरा उभा होता हे माझ्या लक्षात आलं नाही. मी ते पाठीवर घातलं. मग काढता येईना. उजवा हात वर, डावा हात मागं, अशा अवस्थेत मी बायकोला हाका मारल्या. ती आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली, आणि सोडवायच्या आधी शेजारणीला बोलावून आणलं.

मी मोठ्यानं म्हणालो, "बा, पाह्यलं काय?"

बा त्या दिवशी अंगणात नव्हता. घरात बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आधी तो प्रत्येक रविवारी विचारायचा, "मंग? झालं काय कव्हर?" त्या दिवशी मला आठवेना की त्यानं हे शेवटचं कधी विचारलं होतं. मी बायकोकडून पट्टे सोडवून घेऊन आत गेलो, त्याच्या पायाला हात लावला. पाय थंड आणि काटक्यांसारखे झाले होते.

"पऱ्हाटी हाय काय अजून?" त्यानं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"हाय," मी म्हणालो. "पण उपटणार हाय म्हणतात."

मी तिथं बसून राहिलो आणि मला माझीच भयंकर चीड आली. एका बाजूला कमरेचं, एका बाजूला काखेचं, दोन खिशांचं, छातीवरचं, असा माझा संसार वाढत गेला होता. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस अंगणातून घरात, बसण्यावरून आडवं पडण्यावर आला होता. मला रडायला आलं. बायकोनं दारातून ते पाहिलं आणि ती चहा ठेवायला गेली.

बटईवाल्याला फोन करून मी विचारलं. सकाळपासून उपटायला लागतो म्हणाला. मी म्हटलं, एक दिवस थांब. मग कचेरीत रजा सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी कपाट उघडलं आणि रिव्हॉल्वर बाहेर काढलं. बत्ता नाही, खरं. गोळ्या नाल्यापाशी भरू असं ठरवून रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं, छातीवरच्या होल्स्टरमध्ये घातलं, पट्टी लावली. या वेळी बरोबर बाजूला घातलं होतं. अंगणात आलो. बायकोनं बाला धुतलेलं धोतर आणि पागोटं घातलं होतं. नाल्यापर्यंत गाडी जाते, पुढे चढ आहे, आणि बा तर अंगणही चालू शकत नव्हता. म्हणजे पाठीवर घेणं आलं. डॉक्टरचा पट्टा मी आणखी आवळला आणि बाजेपुढे खाली बसलो. "चढ बा."

बायकोनं त्याला माझ्या पाठीवर बसवलं. त्याचे हात माझ्या गळ्याभोवती आले आणि नेमके रिव्हॉल्वरच्या मुठीवर येऊन टेकले. "टोचून राह्यलं," बा म्हणाला. होल्स्टरच्या मागच्या कड्या त्याच्या बरगड्यांत रुतत होत्या. उतरवलं. ते काढून कमरेचं लावलं. तिथं त्याची मांडी आली. उतरवलं. अजून परत न केलेलं काखेचं आणलं, तर तिथून त्याचा पाय जात होता. शेवटी मी दोन्ही हातांनी त्याच्या मांड्या घट्ट धरून उभा राहिलो, आणि इतक्या महिन्यांच्या अभ्यासात एकदाही न सुचलेली गोष्ट मला तिथं सुचली. माझे दोन्ही हात बाला धरण्यात गुंतलेले होते. डुक्कर आलं आणि रिव्हॉल्वर काढायचं झालं, तर आधी बाला खाली टाकावं लागणार होतं.

त्या कामाचं कव्हर जगात कुणी बनवलेलं नव्हतं.

मी बायकोकडे पाहिलं. तिला माझं मन कळलं असावं. तिनं पुढे होऊन माझ्या काखेतून होल्स्टर सोडवलं, सापाचं पिल्लू धरावं तसं दोन बोटांत धरलं आणि कपाटात ठेवून किल्ली लावली. तिनं जुनी चादर बाच्या पाठीमागून माझ्या छातीवर गाठ मारून बांधली. "हळू जा जी," ती म्हणाली. "अन् बोलत जा. आवाज ऐकला का जनावर सरकते बाजूले." मी बोलावून घेतलेल्या बटईवाल्याच्या पोरानं मोटारसायकल चालवली आणि मी बाला पाठीशी बांधून मागं बसलो.

नाल्यापाशी गाडी सोडली. पोरगं गाडीजवळ थांबलं आणि आम्ही निघालो. बा हलका झाला होता. मला वाटलं होतं त्याहून फार हलका, आणि ते हलकेपण मला जड जात होतं. नाल्यातलं पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे दोन्ही बाजूंना झाडी, पाचोळ्यात काहीतरी खसफसलं आणि मी जागच्या जागी थिजलो. सरडा असेल, पाखरू असेल. पण मी पुढचं पाऊल टाकेना, आणि पाठीवरच्या माणसाला ते कळल्याशिवाय कसं राहणार?

बाचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. छातीवर चाचपलं. मग काखेत. मग कमरेला, डॉक्टरच्या पट्ट्यावरून फिरला. एक बाजू, दुसरी बाजू.

"कुठी हाय?"

मला त्याच्याशी खोटं बोलवेना. "घरी हाय, बा. तुले धरून ते काढताच येत नाही."

मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. तांड्याचा नायक तो. बाजारात ज्याला पाहून माणसं बाजूला सरायची, त्याचा लेक नाल्याकाठी रिकाम्या कमरेनं उभा होता. पाठीवर त्याचा श्वास लागत होता. मग तो हसला, अगदी हळू, माझ्या कानाशी.

"बरं केलं," तो म्हणाला. "मलेबी भेव वाटे त्याचं. जिंदगीभर वाटलं. रात्री उशाशी ठेवो अन् झोपच नाई लागे."

आमच्या त्या घरात, एकाच वस्तूच्या भीतीनं, आम्ही बापलेक दोघंही दोन खोल्यांत जागे पडून असायचो. आणि त्यानं ते मला कधी सांगितलं नव्हतं, मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. हात गुंतलेले असल्यामुळे पुसताही येईनात. चढ चढताना ते आपोआप वाळले.

वावर आलं. पऱ्हाटी वाळून तांबूस झाली होती, बोंडं फुटून गेलेली, कुठंकुठं वेचायचा राहिलेला कापूस चिकटलेला. मी चादर सोडून बाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आंब्याच्या सावलीत बसवलं. त्यानं हात लांब करून जवळची एक पऱ्हाटी वाकवली, तिच्या काडीवर बोट फिरवलं, राहिलेला कापूस ओढून मुठीत घेतला. मग जंगलाकडच्या कोपऱ्याकडे हनुवटी केली.

"तो कोपरा पाहून ये. तिथं मी पयला दगड काढला होता."

"मी? एकटा?"

"मले कोन नेते तिथवर? जा. मी हावो ना इथं."

मी निघालो. पऱ्हाटी माझ्या कमरेच्या वर होती, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि जंगल जवळजवळ येत होतं. अर्ध्यावर पाय अडकले. तेवढ्यात मागून हाळी आली. "हुर्रर्र! हाऽऽ हाऽऽ!" डुकरं हाकलायची हाळी. बाजेवर पडल्या पडल्या पाणी मागतानासुद्धा ज्याचा आवाज निघत नव्हता, तो माझा बा धुऱ्यावर बसून जंगलाला ऐकू जाईल असा ओरडत होता. मी मागं वळून पाहिलं तर त्यानं हातानं पुढे जा अशी खूण केली आणि पुन्हा ओरडला. मीही ओरडलो. आधी चिरका आवाज आला, मग बरा आला. तो तिकडून, मी इकडून, असे आम्ही दोघं ओरडत राहिलो आणि मी कोपऱ्यापर्यंत पोचलो. माझ्या दोन्ही हातांत काही नव्हतं. तो ओरडायचा थांबेल, एवढीच काय ती भीती होती.